अर्धं भांडं, जे. पी. नगर

अर्धा चंद्र जाळीवर पालथा पडला, तेव्हा वासंतीबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. कुठे चिकटला नव्हता, कडही तुटली नव्हती. त्यांनी भांडं नळाखाली धरून गार केलं, पुसलं, त्याला पुन्हा तुपाचा हात फिरवला, मैदा भुरभुरला आणि उरलेल्या अर्ध्या चंद्राचं मिश्रण फेटायला घेतलं. गोल बुडाचं ते भांडं ओव्हनमध्ये लवंडू नये म्हणून, पूर्वी घागरीखाली ठेवत तसलं एक लोखंडी कडं त्या वापरत. त्या कड्यावर भांडं बसवून त्यांनी ओव्हनचं दार लावलं आणि घड्याळाकडे बघितलं. आणखी चाळीस मिनिटं.

कस्तुरी हे सगळं दारात उभी राहून बघत होती. समोरच्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये राहणारी पुण्याची ही मुलगी दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी बंगळूरला आली होती. आठवड्यातले तीन दिवस इंदिरानगरच्या ऑफिसात आणि बाकीचे दिवस घरून, कानात यंत्र घालून हिंदीत बोलत असायची. तिचा मल्हार त्या दिवशी, रविवारी, पाच वर्षांचा होत होता आणि त्याला खड्डे असलेला चंद्रच हवा होता.

"काकू, दोन्ही हाफ एकदम का नाही लावत? ओव्हनमध्ये जागा तर आहे," ती म्हणाली.

"भांडं अर्धंच आहे."

"आणि दुसरा हाफ?"

"जे. पी. नगरला."

कस्तुरीला ती थट्टा वाटली आणि ती मनापासून हसली. वासंतीबाईंनी तिला हसू दिलं. बनशंकरीहून जे. पी. नगर म्हणजे रिक्षाने वीस मिनिटं, सिग्नलची मर्जी असली तर. ती वीस मिनिटं वासंतीबाईंना सहा वर्षांत ओलांडता आली नव्हती, हे त्या पोरीला काय सांगायचं आणि कसं?

कस्तुरीचं खरं काम पुढेच होतं. पुढच्या रविवारी त्यांच्या कॉम्प्लेक्सच्या मुलांचा काही कार्यक्रम होता, विषय होता सूर्यमाला. तिने सगळ्या आयांसमोर सांगून टाकलं होतं की आमच्या काकू गोल केक करतात, आठही ग्रह करून देतील. सगळे एकाच साइझचे चालतील, मुलांना कुठे कळतंय, असंही ती म्हणाली. गुरूला वाईट वाटेल, वासंतीबाई म्हणाल्या. पण मनात त्यांचा हिशेब झाला होता. आठ ग्रह म्हणजे सोळा अर्धे, आणि एका अर्ध्या भांड्यात सोळा घाणे काढायचे तर पहिला ग्रह शिळा होऊनच शेवटचा जन्माला येणार. अडचण ऐकून कस्तुरीने लगेच फोन काढला. असलं भांडं ऑनलाइन मिळतं, उद्या संध्याकाळपर्यंत दारात येईल, मागवू का, असं ती विचारू लागली. थांब, मी बघते काहीतरी, असं सांगून वासंतीबाईंनी तिला चहा दिला आणि विषय संपवला.

खरं सांगायचं तर नवं भांडं त्यांना केव्हाच घेता आलं असतं. मागे एकदा गांधी बाजारातल्या दुकानात त्यांनी तसलं हातातही घेतलं होतं. पत्रा पातळ आहे, केक करपेल, असं दुकानदाराला सुनावून परत ठेवलं होतं. पत्र्याचा काही दोष नव्हता. बाईंना भांडं नको होतं, निमित्त हवं होतं, आणि सहा वर्षांनी आठ ग्रहांच्या रूपाने ते दारात येऊन उभं राहिलं होतं.

*

ते भांडं झालं तेव्हा वासंतीबाई चाळिशीच्या होत्या. निपाणीची मुलगी लग्न होऊन बंगळूरला आली. नवरा, विश्वासराव शिप्पूरकर, टेलिफोनच्या कारखान्यात स्टोअरकीपर. मूलबाळ झालं नाही. राहायला बनशंकरीतच एक वठार होतं, म्हणजे एका अंगणाभोवती ओळीने भाडेकरूंच्या खोल्या आणि सगळ्यांना मिळून एक नळ. त्या नळावरच शेजारच्या खोलीतल्या शिवलीला पट्टणशेट्टीशी ओळख झाली. ती अथणीकडची, घरात कानडी आणि बाहेर मराठी, किंवा उलट. ती कधी कुठली भाषा बोलायची ते तिलाही सांगता आलं नसतं. ही तिला शिवक्का म्हणायची, ती हिला वासंतक्का. एकोणीस वर्षं शेजार होता, पण दोघींनी एकमेकींना अहोजाहोच केलं.

शिवक्काच्या नागराजला आठव्या वाढदिवसाला क्रिकेटचा बॉल हवा होता, खाता येणारा. दोघी चिकपेटेत गेल्या, एका भांडीवाल्याच्या डोक्यावर बसून त्याच्याकडून ॲल्युमिनियमच्या दोन जाड वाट्या घडवून घेतल्या. तोंडाला तोंड लावलं की पुरता चेंडू. निम्मा खर्च हिचा, निम्मा तिचा. लाल चेंडू झाला, त्याची शिवण पांढऱ्या क्रीमची, आणि गल्लीतल्या पोरांनी तो कापायच्या आधी एकदा टप्पा पाडून बघू का, असं विचारलं. तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. कलिंगड झालं, आतून लाल आणि तिळाच्या बियांचं. सुकं खोबरं चिकटवून नारळ झाला. पृथ्वीचा गोल झाला, त्यात ऑस्ट्रेलिया राहून गेला, आणि गिऱ्हाइकाच्या तेही लक्षात आलं नाही. नुसती अर्धी वाटी पालथी घालून कासव, बाहुलीचा घेर, बर्फाचं घर. विजापूरचे एक इंजिनियर निवृत्त झाले तेव्हा त्यांच्यासाठी गोल घुमट केला होता, चार मिनारांना क्रीम रोल उभे करून. सगळं एका वहीत असे. चित्रं वासंतीबाई काढत आणि मापं शिवक्का लिहीत, मराठी शब्द पण कानडी अक्षरांत, कारण मराठी अक्षरं तिला लिहिता येत नसत.

कामं वाटलेली होती. आकार आणि रंग हिचे, मिश्रणाची मापं आणि चव तिची. भाजल्यावर अर्ध्या चेंडूचं तोंड फुगतं, ते सुरीने सपाट करावं लागतं, नाहीतर दोन अर्धे एकमेकांवर बसत नाहीत. मग चेंडू घरंगळू नये म्हणून बुडाची एक चकती कापायची. हे सगळं कातरण एका स्टीलच्या वाटीत पडायचं आणि वाटी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली जायची. शिवक्का यायची, उभ्या उभ्याच एक तुकडा तोंडात टाकायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची. वासंतीबाईंनी स्वतःच्या हातचं कातरण कधी खाल्लं नाही. करणाऱ्याच्या जिभेवर भरवसा ठेवू नये, असा शिवक्काचा नियमच होता.

दुसरा नियम अंड्याचा होता. शिवक्का गळ्यात लिंग बांधणारी, तिच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा आलेलं नव्हतं. वासंतीबाईंच्या घरी तसं काही नव्हतं, पण ज्या भांड्यात दोघींचा हात त्यात अंडं पडायचं नाही, हे न बोलता ठरलेलं होतं. दही घालायचं, आटवलेलं दूध घालायचं, सांभाळून भाजायचं.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी फुटबॉल करायचा होता. शिवक्का सकाळपासून एका लग्नाला गेलेली. बिनअंड्याचा चेंडू वरच्या अर्ध्याच्या भाराने मधूनच फुटला. दुसरा केला, तोही बसला. दोन वाजले होते आणि पाचला गिऱ्हाईक येणार होतं. वासंतीबाईंनी कोपऱ्यावरच्या दुकानातून वर्तमानपत्रात गुंडाळून तीन अंडी आणली. गिऱ्हाइकाला मात्र फोन करून स्पष्ट विचारलं, की ह्यात अंडं घालतेय, तुमच्याकडे चालतं ना? न जाणो कुणाचं व्रत असलं तर. बाईंचा प्रामाणिकपणा तेवढाच पोचला, परक्या माणसापर्यंत.

चार वाजता शिवक्का लग्नाहून परत आली. काठापदराचं लुगडंही बदललं नव्हतं. सवयीने कट्ट्यापाशी गेली, वाटीतला तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. वासंतीबाई हातात सुरी घेऊन समोर उभ्या होत्या. शिवक्काने डोळे मिटले, उघडले, आणि म्हणाली, "आज बरोबर जमलाय बघा, वासंतक्का." आणि दुसरा तुकडा घेतला.

सांगायला पुरे एक मिनिट होतं. वासंतीबाईंच्या तोंडून शब्द फुटला नाही.

चार दिवसांनी त्या गिऱ्हाइकाची बाई रस्त्यात शिवक्काला भेटली आणि सहज बोलून गेली की अंड्याचा केक फारच छान झाला होता. शिवक्का त्या संध्याकाळी पिशवी घेऊन आली. भांडण नाही, आवाज नाही. फळीवरची एक वाटी तिने काढून घेतली, चिंच लावून अंगणातल्या नळाखाली घासली, तिच्या तोंडात दोन शब्द होते तेवढे बोलली: "एक माझं." महिन्याभरात नागराजने जे. पी. नगरला घर घेतलं, भाड्याने पण प्रशस्त, आणि पट्टणशेट्टींचं सामान टेम्पोत चढलं. वासंतीबाई खिडकीच्या आतून बघत होत्या. पुढे वठारही गेलं, वासंतीबाई ह्या दोन खोल्यांत आल्या. तीन वर्षांपूर्वी विश्वासराव गेले, तेव्हा नागराज येऊन बसून गेला. ती आली नाही.

त्या दिवसापासून वासंतीबाईंनी केकमध्ये अंडं घातलं नाही. काही गिऱ्हाइकं त्यामुळे तुटली, तुटली तर तुटली. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही, कारण जिला सांगायची ती एकच होती.

*

सोमवारी सकाळी त्या निघाल्या. मल्हारच्या चंद्राचं कातरण एका छोट्या डब्यात घेतलं होतं. रात्रभर नाही म्हटलं तरी पंचवीस वेळा त्यांनी वाक्य जुळवलं होतं, गिऱ्हाईक पाचला येणार होतं, दोन केक फुटले होते, मी घाबरले होते. रिक्षावाल्याला पत्ता सांगितला आणि त्याने मीटर टाकला.

दार सुनेने उघडलं. नागराजची बायको, प्रियदर्शनी. तिला ह्यांनी वठारात नवी नवरी म्हणून काही महिने पाहिलं होतं, तेवढंच. खोलीभर खोकी होती, दोऱ्या होत्या, भिंतींवर फोटोंच्या जागी चौकोनी पांढरे डाग उरले होते. सुनेने कानडीत आत हाक मारली आणि आतून पदराला हात पुसत शिवक्का आली. वाळली होती. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे मात्र तसेच, फूटपट्टीने ओढल्यासारखे.

"या की, वासंतक्का," ती म्हणाली, जणू कालच नळावर भेटली होती. "खुर्च्या बांधून टाकल्यात. दिवाणावर बसा."

घरमालकाला घर पाडून मजले चढवायचे होते. नागराजला सर्जापूर रस्त्याच्या पलीकडे दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला होता. तिथे मुलांनाच जागा पुरत नाही, म्हणून शिवक्का अथणीला धाकट्या बहिणीकडे जायची होती. कायमची का, असं वासंतीबाईंनी विचारलं नाही. तिनेच सांगितलं, की उद्या संध्याकाळची बस आहे आणि आता परत यायचं असं काही नाही. वासंतीबाईंच्या मनात आलं, मल्हारचा वाढदिवस तीन दिवस पुढे असता तर आपण बंद दाराशी येऊन उभ्या राहिलो असतो.

त्यांनी ग्रहांची गोष्ट काढली. आठ ग्रह, रविवारी अकरापर्यंत. शिवक्काने लुगड्याचा घोळ आवरला आणि पुढे सरकून बसली. मंगळाला रंग कशाचा देणार? बिटाचा. नको, बीट भाजल्यावर तपकिरी होतं, वरून लावा. आणि शनीचं कडं?

"चॉकलेटची चकती करून मधे भोक पाडीन म्हणते."

"वितळतंय ते. ह्या उन्हात अकरा वाजता? बिस्किटाचं पीठ लाटा, पातळ. मधे वाटीनं कापून भाजा. वरून अडकवा, टोपीसारखं."

वासंतीबाईंना पटलं. मग गुरूवरचा तांबडा डाग कसा, नेपच्यूनचा निळा कुठला, ह्यावर दोघी बोलत राहिल्या. सून चहा ठेवून गेली तो निवून साय आली. कितीतरी वेळ वासंतीबाईंना कुणी असं मधेच तोडून बोललं नव्हतं, आणि त्यांना ते फार बरं वाटलं.

"म्हणजे तुम्हाला हे पाहिजे," शिवक्का शेवटी म्हणाली आणि उठून आत गेली. डब्याचं झाकण वाजलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ती वाटी होती, कडेला ज्वारीचं पीठ लागलेली. सहा वर्षं तिने त्यात काही भाजलं नव्हतं. पिठाच्या डब्यात मापाला ठेवली होती, रोजच्या भाकरीचं पीठ काढायला. घासून घासून ती चांदीसारखी झाली होती आणि डब्याच्या काठावर आपटून तिची कड एका बाजूला चपटली होती.

"रोज हातात येतंय," ती म्हणाली. "बहिणीकडे तिचं माप आहे. घेऊन जावा."

वासंतीबाईंनी वाटी मांडीवर घेतली. मग त्यांनी पिशवीतला डबा काढून दिवाणावर ठेवला.

"कातरण आणलंय," त्या म्हणाल्या. "बिनअंड्याचं आहे. तेव्हापासून बिनअंड्याचंच करते."

शिवक्का डब्याकडे बघत राहिली. आत सून खोकं ओढत होती.

"अंड्याचा राग नव्हता माझा," ती म्हणाली. "मठात गेले, स्वामींना सांगितलं, त्यांनी जे करायला लावलं ते केलं. संपलं ते. मी खायलेली आणि तुम्ही समोर सुरी घेऊन बघायलेला. मी छान झालंय म्हटलं, तुम्ही ते ऐकून घेतलं. ते नाही गेलं मनातून."

रात्रभर जुळवलेलं वाक्य वासंतीबाईंना आठवलं. गिऱ्हाईक पाचला येणार होतं. ते किती फुसकं होतं हे त्यांना तिथे बसल्या बसल्या कळलं.

"हो," त्या म्हणाल्या. "बघत उभी राहिले. चुकलं माझं, शिवक्का."

शिवक्काने मान हलवली. माफ केलं म्हणून हलवली, की ऐकलं म्हणून, ते वासंतीबाईंना समजलं नाही आणि विचारायचा धीर झाला नाही. मग तिने डब्याचं झाकण उघडलं, नाकाजवळ नेलं, दीर्घ वास घेतला आणि झाकण परत लावलं.

"आज सोमवार की, वासंतक्का."

सोमवारी शिवक्का ताकाशिवाय काही घेत नसे. एकोणीस वर्षं ज्या बाईचा सोमवार ह्यांनी पाहिला होता, गिऱ्हाइकं मंगळवारवर ढकलली होती, तिच्याकडे त्या नेमक्या सोमवारी खाऊ घेऊन आल्या होत्या. सहा वर्षांत काय काय विसरून झालं ते असं डब्याचं झाकण उघडल्यावर कळलं.

"राहू दे, उद्या खाईन," शिवक्का म्हणाली. "डबा प्रियदर्शनी पोचता करेल."

ती फाटकापर्यंत पोचवायला आली. रिक्षा येईपर्यंत दोघी उन्हात उभ्या राहिल्या आणि जांभळाच्या झाडाखाली किती कचरा पडतो, ह्याबद्दल बोलल्या.

*

मंगळवारी संध्याकाळी वासंतीबाईंनी चांगलं पातळ नेसलं. बस कुठून सुटते ते त्यांना ठाऊक होतं, सात वाजता म्हणजे सहाला निघायला हवं होतं. सव्वासहा झाले, साडेसहा झाले, त्या खुर्चीत बसून राहिल्या. जाऊन काय करायचं? बोलायचं ते बोलून झालं होतं, आणि नागराजच्या, सुनेच्या समोर आणखी उभं राहायचं त्यांच्या जिवावर आलं. एवढ्या धांदलीत कातरण कोण खातंय, वॉचमनच्या पोरांना दिलं असेल, असं त्यांनी स्वतःला सांगून टाकलं, म्हणजे मागाहून कळलं तर लागायला नको. सात वाजून गेल्यावर पातळ बदललं आणि भात टाकला.

गुरुवारी सकाळी प्रियदर्शनी ऑफिसला जाता जाता डबा देऊन गेली. अत्ते, म्हणजे तिच्या सासूबाई, सुखरूप पोचल्या, एवढंच तिने दारातून सांगितलं. खाली कॅब थांबली होती. डबा हलका होता, पण रिकामा नव्हता. आत मूठभर साखर होती, डबा मोकळा पाठवायचा नाही म्हणून, आणि साखरेवर घडी घातलेला कागद. कॅलेंडरच्या पानाच्या मागच्या बाजूला कानडी अक्षरांत मराठी. वासंतीबाईंनी चष्मा लावला आणि एकेक अक्षर लावत वाचलं.

सोडा स्वल्प जास्त. मीठ चिमूटभर घाला. बाकी बरोबर. शनीचं कडं बिस्किटाचंच करा.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग खुर्चीत बसल्या आणि त्यांना रडू आलं. पुरतं रडून झाल्यावर त्यांनी कागद वहीत ठेवला, शेवटच्या मापाच्या पानात.

शनिवारी पहाटेपासून ओव्हन लागला. सोडा कमी घातला, मीठ चिमूटभर. दोन्ही वाट्या शेजारी शेजारी, एक काळी पडलेली आणि एक चकचकीत, एकदम ओव्हनमध्ये गेल्या तेव्हा तो त्यांना भरल्यासारखा दिसला. चपटलेल्या कडेमुळे मात्र दोन अर्धे जुळल्यावर प्रत्येक ग्रहाला मधोमध एक बारीक वळ येत होता. वासंतीबाईंनी तो क्रीमने बुजवायचा प्रयत्न केला, दोन ग्रहांवर केला, मग सोडून दिला. रविवारी कस्तुरीने तो पाहिला आणि प्रत्येक ग्रहाला विषुववृत्तसुद्धा दाखवलंय, काकू, तुम्ही ग्रेट आहात, असं म्हणाली. त्यांनी तेही ऐकून घेतलं. कुणाचं नुकसान नव्हतं.

कार्यक्रमाला या म्हणून कस्तुरीने फार आग्रह केला. त्या गेल्या, गुरूच्या शेजारी खुर्चीवर बसल्या, आयांनी त्यांच्याबरोबर फोटो काढले. मुलांनी शनीचं कडं सगळ्यात आधी मोडून खाल्लं. कुणी इंग्रजीत, कुणी हिंदीत, कुणी तेलुगूत छान म्हणत होतं. आणि चव जरा वेगळी लागतेय, असं कुणी म्हणालं नाही, कारण आधीची चव कुणाच्या लक्षातच नव्हती. अर्ध्या तासाने त्या घरी आल्या.

खिडकीच्या कट्ट्यावर कातरणाची वाटी होती. आदल्या दिवशी काम करता करता हाताने आपसूक तिथे ठेवली गेली होती, वर झाकण घालून. आठ ग्रहांचं म्हणजे वाटी शिगोशीग भरलेली. वासंतीबाईंनी झाकण काढलं. मग एक तुकडा उचलला, तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

सोडा बरोबर होता. मीठही लागत होतं, अगदी मागे, शोधलं तर.

त्यांनी दोन्ही वाट्या घासल्या आणि पुसल्या. काळी वाटी फळीवर तिच्या जागी ठेवली. चकचकीत वाटीही तिच्यावर ठेवून बघितली, परत काढली. कपाटातून कणकेचा डबा ओढला, त्यातलं जुनं प्लास्टिकचं माप बाजूला टाकलं, ती वाटी पिठात खोचली आणि डब्याचं झाकण लावलं.